पाचवे कलम तुळसासमोर वाचू नये

मी, शिवा बाबाजी लोके, वय सदुसष्ट, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे, राहणार मिठबाव, तालुका देवगड, हे मृत्युपत्र माझ्या घरच्या ओट्यावर बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसाचा जोडलेला नाही. तो सगळ्या गावाला ठाऊक आहे.

१. राहते घर, विहीर आणि मागची माडांची बाग माझी पत्नी तुळसा हिला मिळावी व तिच्या पश्चात माझी पुतणी नम्रता हिला. आम्हाला मूल नाही. नम्रता लहानपणापासून आमच्याकडेच वाढली. आता ती पुण्याला वनस्पतींवर संशोधन करते.

२. बँकेत जे काही असेल ते तुळसाचे. तेराव्याला गावजेवण घालू नये. ज्यांना खरोखर वाईट वाटले असेल ते घरी जेवूनच येतील.

३. पान्यांची पेटी व इंजिन उचलायचा चेनब्लॉक शेजारी एडवर्ड फर्नांडिस याला द्यावा. चेनब्लॉक कोणाचा, यावर आम्ही अर्धे आयुष्य भांडलो. तो माझाच आहे. तरीही द्यावा.

४. मेहुणे दाजी यांना माझी मोडकी छत्री. कारण विचारू नये.

५. विहिरीजवळचे नरक्याचे झाड दाजींनीच आंबोलीकडून रोप आणून लावले. पान चुरगळले तरी घाण वास येतो. माझे पहिले औषध लागू पडले नाही तेव्हा नम्रताने सांगितले की, आता सलाइनमधून जे देणार आहेत त्याचे मूळ द्रव्य याच जातीच्या झाडात सापडते. ते करते काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "काकानू, आपल्या आंगातली पेशी वेळ इली काय आपणहून मरता. कॅन्सरची पेशी मरूक विसारता. ह्यां औषध तिका याद करून दिता."

"आणि बाकीच्या पेशींका?"

"तेंकाय याद करून दिता. म्हणान माप लागता."

दाजी तिथेच बसले होते. त्यांनी झाडाचे ऐकले, मापाचे ऐकले नाही. आयुष्यभर त्यांनी असेच अर्धे ऐकले. तुळसाला म्हणाले, "झाड दारात आसताना सलायन कित्याक व्हया गो?"

तेव्हापासून तुळसा मला रोज सकाळी काढा देऊ लागली. आल्याचा आहे म्हणायची. माझ्या तोंडाची चव गेली होती, मी पीत गेलो. पुढे पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की डॉक्टरांनी उपचारच थांबवले. घरचे काही घेता का, असे त्यांनी विचारले. आल्याचा काढा, मी म्हणालो. मला तेवढेच माहीत होते.

नंतर एकदा झाडाखाली खुर्ची टाकून बसलो, तेव्हा विहिरीच्या बाजूने बुंधा सोललेला दिसला. नम्रताला फोन केला. तिने काढा किती दिवस घेतला ते विचारले. उपचार चालू राहिले असते तर काही महिने मिळाले असते, कदाचित नसतेही, असे म्हणाली. मला राग आला नाही. रडूही आले नाही. हात धुऊन जेवलो. तुळसावर माझे प्रेम आहे. हे लिहायचे राहू नये म्हणून इथे लिहितो. तिला खरे कळले तर ती उरलेले दिवस त्या बुंध्याकडे बघत काढील. आता तो पेला मी तिची पाठ वळली की अळवात ओततो. अळू चांगले आले आहे.

गेल्या महिन्यात एडवर्डच्या बायकोला, सिसिलियाला, हाच आजार निघाला. तुळसाने लगेच तिच्यासाठी साल काढून वाळत घातली. एडवर्डला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "मगे तुळशाक काय सांगू रे?" मी म्हटले, "सिसिलिया घेता म्हण, आणि दर्यात टाक." पण माझ्यामागे आणखी कोणीतरी साल मागायला येईल आणि तुळसा कोणाला नाही म्हणत नाही. म्हणून हे झाड साल, पाने, मुळांसकट मी नम्रताला देत आहे. तिने भोवती कुंपण घालून प्रयोगाची पाटी लावावी. नम्रताच्या वस्तूला तुळसा कधी हात लावत नाही.

६. हे मृत्युपत्र नम्रताने वाचून दाखवावे. तुळसा कागद वाचत नाही, ऐकते. पाचवे कलम आले की न अडखळता त्या जागी पुढील मजकूर वाचावा:

"झाड नम्रताक तिच्या प्रयोगासाठी दिलंय. तेका कोणी हात लावूचो नाय. तुळसा, तुझ्या काढ्यान माका ह्या वर्साची गणपतीची चवथ दाखयल्यान."

ठिकाण मिठबाव, १७ ऑक्टोबर २०२५.
(सही) शिवा बाबाजी लोके

साक्षीदार:
विनीत कोयंडे, जामसंडे (सही)
सलोनी तारी, तोंडवली (सही)

लिहून देणाऱ्यांनी सही आम्हा दोघांच्या देखत केली. त्या वेळी तुळसाबाई ओट्यावर नव्हत्या. काढ्याचे पाणी आणायला विहिरीवर गेल्या होत्या.