बारा चौकटींतली एक

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या फोटोला हार घालणाऱ्यांत मी नव्हते.

मी घाटघरची, डोंगरातली. एम.फिल.ला आले तेव्हा जुन्नरच्या कॉलेजात मला संगणकाला हात लावू दिलात ते तुम्हीच, हे नाकारत नाही. मुली शाळा का सोडतात, हा विषयही तुमचाच. घाटघर, बेल्हे आणि आंबेगावच्या पूर्वेकडचं तुमचं बागायती गाव, तिन्हीकडे मी घरोघर फिरले. कारणं चार निघाली: शाळा लांब, लग्न, शेतीकाम, आवड नाही. फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी लावली आणि गावागावांतला फरक लक्षणीय आला. तुम्ही मागे उभे आहात, हातात चहाचा कप. "आला ना फरक? मग झालं की! लिव, डोंगरात शिक्षणाची आवडच न्हाई. हे काय मशीननं सांगायचं व्हतं व्हय, पोरी?" खोलीतले सगळे हसतात.

पण चाचणी एवढंच सांगते की कुठेतरी फरक आहे. कुठे, ते शोधावं लागतं. म्हणून मी परत त्याच तक्त्यात गेले आणि संगणकातल्या रेसिड्युअल या पर्यायावर टिक केली. कुठल्या चौकटीत अपेक्षेपेक्षा जास्त मुली आहेत, ते त्यात दिसतं. तीन गावं, चार कारणं, चौकटी बारा; एखादी योगायोगानंही उठून दिसेल, म्हणून निकष आणखी कडक केला. शेवटी एकच टिकली. तुमचं गाव, शेतीकाम. कांदा काढायला मुलींना घरी बसवत होते. आवडीच्या बाबतीत घाटघर वेगळं नव्हतंच.

ते पान बघून तुमचा आवाज उतरला. "आमच्या गावाची अब्रू काढतीस? प्रबंधावर माझी सही पायजे तर हे पान काढ."

मी काढलं नाही. सही झाली नाही, एम.फिल. राहिलं. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आवड नाय म्हणं! मग तू काय झाडाला लागली व्हतीस?" पुढे एका चर्चासत्रात तुम्ही तेच डोंगरात आवड नसल्याचं वाक्य माझ्या आकड्यांवर, स्वतःच्या नावानं वाचलंत. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते. आजही मी दुसऱ्यांचे तक्ते करून देते, खाली नाव त्यांचं असतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी सगळे गेल्यावर, दार लावून, एकदा जरी म्हणाला असतात की तुझं बरोबर आहे, तर ते पान मी स्वतःच्या हातानं काढलं असतं.