मांजरसुंब्याच्या गाडीतला गाळ

चौसाळा,
मंगळवार

तीर्थरूप भागवतमामांना,

संस्कृतीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींची म्हैस, दोघांचीही तब्येत सुधारली असेल असं धरून चालते. (आप्पा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, म्हणून पत्र.)

अकरा वर्षं नुसतीच ठरत असलेली आप्पांची पहिली गाडी रविवारी मांजरसुंब्यात जवळजवळ घेतली गेली. विकणारे आसारामशेठ. गाडी पांढरी, इतकी चकचकीत की आप्पा चपला बाहेर काढून आत बसले. मी काचा लावून दहा मिनिटं थांबले. आरशाला अत्तराच्या तीन बाटल्या टांगलेल्या (एक पुरते), आणि त्यांच्याखालून पोत्यात कुजलेल्या भुईमुगाचा वास. मग पायाखालचं मॅट उचललं. सीटच्या रुळांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ. शेवटी सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढला, कारण धुणारे तितका ओढत नाहीत. तिथे चिखलाची सरळ रेघ होती. मामा, ऑटोमोबाईलच्या डिप्लोम्याला वाचलेली गोष्ट इतकी हुबेहूब कधी समोर आली नव्हती. मी आनंदाने चौदा फोटो काढले. एअरबॅगचा दिवा तर चावी फिरवूनही लागत नव्हता, म्हणजे एअरबॅगच बंद, गाडी कुठे धडकली तर आप्पांना फक्त देव.

गाडी पुरात बुडालेली आहे, हे मी तिथेच सांगितलं. आसारामशेठ म्हणाले, "पोरी, बीडात माणसाला प्यायला पाणी न्हाई, गाडी बुडंल कशात?" आप्पांनी मांडीवर थाप मारली. मी म्हटलं, नंबर कोल्हापूरचा आहे, तिकडे पूर येतो. तर आप्पा म्हणाले, "मंग धुतलेलीच हाय की. लई बारीक बघती तू. आशानं स्थळ बी मिळायचं न्हाई."

तरी व्यवहार थांबलाय. आप्पा गुरुवारी तुम्हाला फोन करून विचारणार आहेत. फोटो क्रमांक टाकून सोबत जोडले आहेत.

तुमची,
संस्कृती

ता. क. – फोटो आप्पांना दाखवू नका. व्यवहार फोटोंमुळे थांबलेला नाही. बोनेटसमोर पूजेचा नारळ फोडला, तो नासका निघाला. आसारामशेठ म्हणतात, इडापिडा गेली, शुभच हाय. आणि आप्पा निम्मे राजी झालेत. तुम्ही एवढंच म्हणा, "दाजी, ही गाडी न्हाई लाभायची." कारण विचारलं तर गप्प बसा. त्याचं वजन पडतं.

ता. क. २ – नारळ आणायला आप्पांनी मलाच पाठवलं होतं. नऊ तपासले. आठ चांगले निघाले, ते परत ठेवले. नवव्याच्या डोळ्यापाशी ओल होती आणि आंबूस वास येत होता. तो घेतला.