समोरच्या खुर्चीतला पाहुणा

३ नोव्हेंबर

पाणी भरून झालं होतं, शेळीला पाला टाकला होता, तवा तापला होता आणि मी पहिली भाकरी थापत होते. हे ओट्यावर मोबाईलवर पोकर खेळत बसलेले. आटपाडीतली रोजचीच सकाळ. आज कुपवाडच्या या खोलीत भांडी लावताना तीच आठवत राहिली, पण रडू आलं नाही.

खोली चांगली आहे. खिडकीतून कारखान्यांचा रस्ता दिसतो, सकाळी नुसत्या मोटारसायकली. नट-बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालंय. शेजारच्या साळूबाईंनी एकट्याच का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाटीभर आमटी आणून दिली. दीपमालाला फलटणला फोन केला. लेकीला आठवा लागलाय, पहिलं बाळंतपण माझ्याकडेच. तिला म्हटलं, ये, जागा भरपूर आहे. दोघी हसलो. एकच तर खोली.

८ नोव्हेंबर

आज सुट्टी. यांचा मोबाईल उघडला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दीर नाथाजी भावोजींनी सगळं कबूल करून बघितलं. वहिनीला बघतो, पोरीचं बाळंतपण नीट करतो. कावळे बाभळीवर बसून राहिले. ऊन चढलं. हे निवृत्त हवालदार, म्हणून भावकीतले एकजण पिंडाकडे बघत यांनाच म्हणाले, "लालासाहेब, हवालदारकी भोगून झाली, आता काय सुभेदार करू का रं?" लोक हसले. मीही हसले असते. मग मला आठवलं, हे गेले तेव्हा हातात डाव होता. मी मागे उभी राहून मनात म्हणाले, तुमचा राहिलेला डाव मी खेळीन. कावळा लगेच खाली उतरला.

म्हणून खेळते. पैशाचा खेळ नाही, चिप्स फुकटच्या. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मधे सगळ्यांचे पाच उघडे. वर्षानुवर्षं शेजारी बसून बघितलंय, त्यामुळे जमतं.

१४ नोव्हेंबर

कामावरून आले की ऊन असेपर्यंत खेळते. पडद्यावरच्या टेबलाला रोज समोरच्या खुर्चीत एकच जण असतो. नाव नाही, नुसतं ‘पाहुणा’. मी बसले की माझ्यासमोर चहाच्या कपाचं चित्र पाठवतो. तसं कुणीही पाठवू शकतं.

पण त्याची खेळायची तऱ्हा. चांगले पत्ते असले की झटक्यात चाल करतो. हातात काही नसलं की नावाभोवतीची वेळेची हिरवी रेघ संपत येईपर्यंत थांबतो आणि मग मोठी चाल. हे असंच करायचे. मी चेष्टा केली तर म्हणायचे, "हातात काय नसलं की मला सुचायलाच वेळ लागतो बघ."

आज तो तसा थांबला तेव्हा मी मोबाईल छातीशी धरला. किती दिवसांनी कुणीतरी ओळखीचं भेटलं.

२० नोव्हेंबर

पाहुण्याशी पहिला मोठा डाव हरले. वाईट नाही वाटलं. उलट, यांना जिंकल्यावर कसं वाटायचं तेच आठवत बसले.

जेवताना आमटीला मीठ नव्हतं. वरून घातलं, तरी नाही. साळूबाईंनी चमच्यानं चाखली आणि थुंकली. म्हणाल्या, नुसतं खारट. मला काहीच लागत नाही.

२३ नोव्हेंबर

आज पुन्हा हरले. अगरबत्ती लावली, वास नाही. रॉकेल, साबण, कशालाच नाही.

ठरवलं, आता बास. ॲप काढून टाकलं. कामावरून आले तर मोबाईल उघडा होता आणि समोर चहाचा कप.

२६ नोव्हेंबर

हरले. संध्याकाळी तवा हातानं उतरवला. साळूबाई ओरडल्या तेव्हा बघितलं, तळवा भाजून पांढरा पडलाय. मला कळलंच नाही. त्या फडकं बांधत म्हणाल्या, "वैनी, त्या मोबाईलपाशी कुनाशी बोलताय वो? आन् त्ये काय बोलतंय तुमाला?"

मी म्हणाले, काही नाही. खरंच तो काही बोलत नाही.

दीपमाला रविवारी येतेय. तिचं बाळ मी या हातांनी कसं धरू — गरम की गार, कळणारच नाही —

२८ नोव्हेंबर

माझ्याकडे दोन राण्या. मधे तिसरी. तिसरी इस्पिकची, आणि सोबत इस्पिकची नश्शी, इस्पिकची चौकी. उरलेले दोन पत्ते साधे. माझ्या तीन राण्यांना एकच गोष्ट खाते. त्याचे दोन्ही पत्ते इस्पिक असले, म्हणजे मधल्या तिन्हींसोबत पाच इस्पिक झाले तर.

तो थांबला. रेघ अगदी संपत आली. मग त्यानं सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. माझ्या सगळ्या मागतोय.

माझी रेघ मात्र हलत नाही. मोबाईल बंद केला, चालू केला. डाव तिथेच. वाट बघतोय.

पत्ते टाकले तर हा डाव हरले. आता काय जाईल — डोळे — की लेकीचं नावच —

कॉल केला, म्हणजे मीही सगळ्या चिप्स लावल्या, आणि जिंकले तर त्याच्याकडे काही उरणार नाही. तो उठून जाईल. कायमचा.

कॉल केला आणि हरले तर —

२९ नोव्हेंबर

निजले नाही. तो थांबला होता. म्हणजे हातात काही नाही. यांना कधी मला फसवता आलं नाही. हे मला सोडवायला बघतायत. म्हणतायत, उद्या पोरगी येणार, तू मला जाऊ दे.

पण मग आतापर्यंत का घेत होते —

जाऊ दे म्हणणं सोपं. दिवसभर त्या खुर्चीकडे बघत बसले. एकदा म्हटलं, राहा हो. मग स्वतःचीच लाज वाटली.

दीपमालाचा फोन. सकाळच्या गाडीनं निघतेय.

३० नोव्हेंबर

सकाळी पाणी भरलं. लेकीसाठी अंथरूण घातलं. यांना नमस्कार केला, या आता म्हटलं, आणि कॉल दाबला. त्यांचे पत्ते उलटले. पहिला इस्पिक. दुसराही इस्