आरसेही जप्त करा

बाई, या आठवड्यात मी एका मुलीचं औषध कुरियरने पाठवलं आणि त्यावरून दुकानात भांडण झालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

शाळेतली ती मे महिन्याची सुट्टी आठवते. प्रजननाचा धडा हेडमास्तरांनी 'मुलींनी घरी वाचावा' म्हणून गाळायला लावला, तर तुम्ही तो खरंच आमच्या घरी पाठवलात. सायक्लोस्टाइल केलेली चार पानं : पाळी का येते, दिवस कसे राहतात, नको असतील तर काय करता येतं. सोबत गर्भाशयाचं चित्र. माझं पाकीट पोस्टात फाटलं आणि पोस्टमास्तर ते घेऊन थेट शाळेत आले. त्यांच्याच पोस्टाच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता, पण "टपालातून अश्लील चित्र पाठवणं गुन्हा आहे, कायदा इंग्रजांपासूनचा आहे," असं ते ठणकावून सांगतात. पाकिटावर माझं नाव, म्हणून मला आणि आईला बोलावलेलं. मी खाली मान घालून उभी. हेडमास्तर म्हणतात, "माफीनामा लिहून द्या, विषय संपला." आणि तुम्ही पदर खोचून म्हणता, "शरीराचं चित्र अश्लील असेल, तर गावातले आरसेही जप्त करा." मग आमची आई, जी कधी चारचौघांत बोलली नव्हती, ती पुढे झाली. "पाकीट माझ्या मुलीच्या नावाचं आहे, ते इकडे द्या," म्हणाली आणि टेबलावरून उचलूनच घेतलं. तुम्ही माफी मागितली नाहीत. जूनमध्ये तुमच्या जागी नवे सर आले, आणि तुम्ही घरच्या ओसरीवर शिकवण्या सुरू केल्यात. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथेच यायच्या.

आता मी न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट नावाच्या गावात फार्मासिस्ट आहे. डोंगरापलीकडच्या फार्मवर राहणारी एक एकोणीस वर्षांची मुलगी गर्भनिरोधक गोळ्या आमच्याकडून मागवते. तिला गाडी नाही, म्हणून कुरियर. परवा तिचे वडील दुकानात आले आणि मालकाला म्हणाले, "माझ्या घरी असलं काही पाठवायचं नाही." जुनं गिऱ्हाईक. मालक मला बाजूला बोलावून म्हणाले, "थोडे दिवस थांबू या. तिला हवं तर ती येईल इथे."

"कशी येईल? प्रिस्क्रिप्शन तिच्या नावाचं आहे, वडिलांच्या नाही."

"मला गावात दुकान चालवायचंय."

"मला माझं काम करायचंय," मी म्हटलं आणि दुपारच्याच कुरियरने पाकीट पाठवलं. काउंटरपाशी रक्तदाबाची औषधं घ्यायला आलेल्या एक आजी हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझ्या तरुणपणी इथे सोळाच्या आतल्या मुलीला हे नुसतं सांगणंही गुन्हा होता, ठाऊक आहे? असली पुस्तकं बंदरावरच अडवायचे. आम्ही तरीही सांगायचो." आणि डोळे मिचकावून गेल्या. बाई, मला वाटायचं, हे फक्त आपल्याकडचं. पण ज्या इंग्रजांनी आपल्याकडे तो कायदा आणला, त्यांच्याच वंशजांनी इथेही लाज कायद्यात घालून ठेवली होती.

काल ते वडील परत आले. लालबुंद, आवाज चढलेला. "काय पाठवलंस माझ्या मुलीला?" मी म्हटलं, "कुणाच्याही औषधांबद्दल मी तिसऱ्या माणसाशी बोलत नाही. तुमच्या औषधांबद्दल तुमच्या मुलीशीही बोलणार नाही." ते मालकांकडे वळले. मालक काउंटरपाशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ती बरोबर बोलतेय." ते गृहस्थ दार आपटून गेले, आता बहुधा दुसऱ्या दुकानात जातील. जाऊ देत. पुढच्या महिन्याचं पाकीटही जाणार आहे आणि त्याच्या पुढचंही.

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही. जाणार नाही, म्हणूनच कबूल करते : त्या माणसाशी इतक्या ताठ आवाजात बोलताना काउंटरमागे माझे पाय लटपटत होते. हेडमास्तरांसमोर तुमचेही लटपटले होते का, ते विचारायचं राहून गेलं.