गुळाशिवायची पाई

प्रिय मिलिंद,

काल तू आलास. त्याआधीचे तीन रविवार आला नव्हतास, आणि का आला नव्हतास त्याचीही काल मला खात्री पटली. म्हणून लिहायला बसले आहे. तू होतास तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही. तू बोटीवर असायचास तेव्हासुद्धा आपण फोनवरच भांडायचो.

तू येतोस हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं आणि दर रविवारी पाचच्या सुमाराला स्वयंपाकघरात त्याच्या मटण पाईचा वास येतो, तोही ओव्हन बंद असताना? पुण्याला घरच्यांना कळलं तर पुढच्या विमानानं कुणीतरी मला न्यायला येईल.

पहिल्यांदा आलास ते तेरावं झाल्यावर. पाहुणे परतले होते, मी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. काळी बिअर आटत आल्याचा वास, त्यात कांदा, आणि मागून तो जरासा करपलेला गूळ. मी ओव्हनला हात लावला, गार होता. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी लिम आंटींचं दार वाजवलं, तर त्या म्हणाल्या, "संडे आय ओन्ली स्टीम फिश." गार्गी तिथेच डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिला कसलाच वास येत नव्हता. जन्मात कधी मटणाला तोंड न लावलेल्या बाईलाच बरा सापडलास रे तू!

त्या संध्याकाळी मी घाबरले. पुढच्या रविवारीही घाबरले. तिसऱ्या रविवारी साडेचारला अंघोळ करून, बरी साडी नेसून स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले. हसू नकोस.

तुझी ती पाई मला कधीच आवडली नाही, हे तुला ठाऊक आहे. बोटीवरच्या आयरिश चीफ इंजिनियरकडून शिकून आलास आणि इथे सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी लागल्यावर महिन्यातून एक रविवार तिच्यासाठी राखून ठेवलास. सकाळी टेक्का मार्केटमधून मटण. ते मैद्यात घोळवून लालसर परतायचं, कांदा-गाजर घालायचं, मग अख्खी बाटली काळी बिअर ओतून दोन तास मंद आचेवर ठेवायचं. नंतर ते पूर्ण गार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, नाहीतर भाजण्याआधी वर लावायची मैद्याची पोळी ओली पडते म्हणून तू गार्गीच्या हातावर चापटी मारायचास. चीफ साखर घालायचा, तू गूळ घालायचास. आणि सारखा चमचा घेऊन चाखायचास. माझ्यासमोर चमचा धरून म्हणायचास, "एकदा फक्त रस्सा चाख. मटण नको." मी मान फिरवायची. पंधरा वर्षांत एकदा चाखला असता तर काय बिघडलं असतं?

त्या शेवटच्या रविवारी मी काय बोलले ते तू विसरला नसशीलच. यार्डातलं काहीतरी डोक्यात घेऊन तू गप्प होतास आणि मला त्या वासानं मळमळत होतं. मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हटलं, "माझ्या घरात हा वास नको." तू विचारलंस, "तुझ्या घरात?" एवढंच. पाई कापलीसुद्धा नाहीस. फॉइल लावून फ्रिजमध्ये ठेवलीस आणि सोमवारी सकाळी यार्डात घेऊन गेलास. अकरा वाजता फोन आला. डॉकवर उभा होतास आणि खाली बसलास, असं ते म्हणाले. डॉक्टर पोचेपर्यंत संपलं होतं.

दोन दिवसांनी तुझ्या यार्डातल्या एकानं तुझी बॅग, हेल्मेट आणि तो पाईचा ट्रे आणून दिला. न उघडलेला. मी तो तसाच, फॉइलसकट, कचरा थेट तळाला सोडायच्या नळीत, चुटमध्ये टाकला. सहा मजले खाली जाईपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. मागे वळले तर दारात गार्गी उभी होती.

"दॅट वॉज बाबाज पाई?"

मी हो म्हटलं.

"यू नेव्हर ॲस्क मी."

तेवढंच बोलली आणि आत गेली. चौदा वर्षांची पोर. त्यानंतर वर्षभर माझ्याशी 'येस' आणि 'नो'मध्ये बोलत होती. तुझा विषय काढला की उठून जायची. मला वाटायचं, तू रविवारी येतोस तो तीच पाई शोधत येतोस. माझ्याकडे हिशेब मागायला येतोस, असंही वाटायचं.

तुझं वर्षश्राद्ध केलं. गुरुजी आले, खीर-वडे झाले, अळूची भाजी झाली. खीर-वडे तुला कधी आवडले होते? त्याच रविवारी पाचला तू हजर. मग मला लिम आंटींचं बोलणं आठवलं. त्यांच्या सातव्या महिन्यात, त्यांच्या पितरांच्या दिवसांत, त्या खाली गवताच्या कडेला मेणबत्त्या आणि ताटल्या मांडत होत्या, तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "युअर हजबंड लाइक टु ईट व्हॉट, यू गिव्ह हिम दॅट, ला. ईट ऑलरेडी, ही कॅन गो." मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं. दुसऱ्याकडे तेव्हा लक्ष दिलं नाही.

खरं कारण मात्र गार्गी. श्राद्धाच्या जेवणात तिनं पानातला वडा बाजूला सारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय कान्ट रिमेंबर बाबाज पाई. द टेस्ट. इट्स गॉन." तुझा फोटो समोर होता, तुझे शर्ट कपाटात होते, आणि पोरीच्या जिभेवरून तू पुसला जात होतास. ती पाई मीच फेकली होती.

तुझ्या डायरीत कृती सापडली. मटण किती, बिअर किती, सगळं लिहिलेलं. गुळापुढे फक्त 'चव बघत'.

टेक्काला मटणवाल्यासमोर उभी राहिले आणि डायरीतलं माप वाचून दाखवलं. नाकाला पदर लावून सगळं केलं. पहिला तुकडा तुझ्यासाठी काढून ताटाभोवती पाणी फिरवलं, मग गार्गीला वाढलं. तिनं एक घास घेतला.

"बिटर."

"गूळ घातलाय गं."

"आई, डिड यू टेस्ट?"

"नैवेद्य चाखत नाहीत."

"इट्स अ पाई, आई! बाबा टेन टाइम्स टेस्ट करायचा."

काय करू? माझ्या हाताला तेच वळण आहे. देवाचं असो की गेलेल्या माणसाचं, आधी चाखायचं नाही. आणि तुझं सगळं कसब तर त्या चाखण्यातच होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा केली. रस्सा आटला, गार्गी दारात हाताची घडी घालून उभी राहिली. मी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

मिलिंद, ती चव मला ओळखीची होती. पाईच्या रविवारी संध्याकाळी तू भांडी घासून बेडरूममध्ये यायचास, दार लोटायचास आणि माझी हनुवटी वर करायचास. मी म्हणायची, तोंड धुऊन ये. दर वेळी कुठे धुऊन येत होतास? आणि दर वेळी मी कुठे तोंड फिरवत होते? कडवटपणा तोच होता, फक्त गोडी कमी होती. मी गूळ घातला, चाखलं. आणखी घातला, चाखलं. चौथ्यांदा तू सापडलास. गार्गीसमोर मला रडताही येईना.

तिनं दोन तुकडे खाल्ले. "सेम," म्हणाली. मग रडली, आणि मग तासभर तुझ्याबद्दल बोलत बसली, चक्क मराठीत. तू तिला सरहद्दीवरच्या जोहोरच्या पुलावर गर्दीत हरवलं होतंस ते तू मला कधी सांगितलंच नव्हतंस! कुठे फेडशील ही पापं?

त्यानंतर तू आला नाहीस. एक रविवार, दोन, तीन. मी स्टुलावर सातपर्यंत बसायची. लिम आंटींचं दुसरं वाक्य तेव्हा आठवलं. तू जेवला होतास, चव जमलेल्या पाईनं पोट भरलं होतं. मी माझ्याच हातानं तुला वाटेला लावलं होतं.

म्हणून काल मी एक गोष्ट केली. गार्गी ट्यूशनला गेल्यावर पाई केली आणि गूळ घातलाच नाही. मुद्दाम. डबासुद्धा उघडला नाही. तुझं ताट मांडलं, पाणी फिरवलं. पाई गार झाली, घरात नुसत्या भाजलेल्या पिठाचा वास उरला. पाच वाजून गेले. आणि माझ्या पाठीमागून, अगदी मानेजवळून, करपलेल्या गुळाचा वास आला.

मी वळले नाही. जितका वेळ होता तितका वेळ तशीच उभी राहिले. इतकी सुखात मी वर्षभरात नव्हते.

मग कुलपात किल्ली फिरली. गार्गी आली, पाई बघून तिचा चेहरा उजळला. दप्तर टाकलं, उभ्यानंच मोठा तुकडा कापला. पहिला घास घेतला आणि थांबली. मी तिच्याकडे बघत होते. तिनं दुसरा घास घेतला, डोळे मिटून, नीट शोधत. चव सापडली नाही. पुन्हा हरवलं असं तिला वाटलं, आपल्याच जिभेचं काही चुकतंय असं वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं. मग तिनं माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "नाइस, आई," म्हणाली, आणि तो कडू तुकडा शेवटच्या कणापर्यंत संपवला. मला वाईट वाटू नये म्हणून.

तुला कसं बोलवायचं ते आता मला कळलंय. महिन्यातून एकदा कडू पाई केली की तू येशील. माझ्या मानेमागे उभा राहशील. मला हवं आहे ते, मिलिंद. फार हवं आहे. तुझ्याशी खोटं बोलत नाही.

पण आज सकाळी गार्गीला सांगितलं की गूळ मी घातलाच नव्हता, तिची जीभ बरोबर आहे. का घातला नाहीस, असं तिनं विचारलं. संपला होता म्हटलं. ती इतकी हलकी झाली की तिनं मला मिठी मारली.

तुला शब्द देते. यापुढे पाई नीटच करीन, चाखत चाखत, आणि तिलाही शिकवीन. तू कधीच आला नाहीस तरी.

तुझी,
सुनीता