रुईशी माझे लग्न लावू नये

मी, परसराम गोविंदा कापगते, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा सायकल दुरुस्ती व भाड्याने देणे, राहणार साकोली, जिल्हा भंडारा, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. कोणी धाकदपटशा केलेला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि आजाराचे काही न सांगता "घरी कोण आहे?" एवढेच विचारले. तेव्हा म्हटले, आता लिहून टाकलेले बरे.

१. दुकानातील भाड्याच्या सायकली, पंप, पाने व ठिगळांचे सगळे सामान समोरचा वेल्डिंगवाला जागेश्वर याला द्यावे. त्याने माझा मोठा पाना दोनदा नेला आणि दोनदा नाही म्हणाला. आता तो त्याचाच झाला, म्हणजे त्याला खोटे बोलायचे काम नाही.

२. पोस्टातली शिल्लक एकोडीचे माझे थोरले बंधू केवळराम यांना द्यावी. आसगावची मुलगी मी नाकारली म्हणून ते माझ्याशी दोन वर्षे बोलले नाहीत. मुलीत काही खोट नव्हती. मला लग्नच नको होते, आणि हे सांगायची लाज वाटली म्हणून तिच्या उंचीला नाव ठेवले. त्या बाईची मी इथे माफी मागतो.

३. माझ्या प्रेताचे रुईशी लग्न लावू नये. आमच्याकडे लग्नावाचून मेलेल्याला हळद लावतात, बाशिंग बांधतात, रुईची फांदी नवरी म्हणून उभी करतात आणि मगच जाळतात. नाहीतर जीव भटकतो म्हणे. माझा मित्र धनीराम गवंडी गेला तेव्हा अंतरपाटाचे एक टोक माझ्याच हातात होते. लोक रडत होते, "बिचारा, आता सुटला." अरे, कशातून सुटला? तो माणूस रविवारी तलावाचे मासे स्वतः रांधायचा, ट्रान्झिस्टर छातीवर ठेवून झोपायचा आणि एकटाच खदखदा हसायचा. हे मला माहीत होते, तरी मी अक्षता टाकल्या.

मीही तसाच सुखी होतो. हे लिहिताना कान तापतात. केवळरामदादांच्या पत्नी कुंताबाई वहिनी बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी भाजी घेऊन येत. त्यांची चाहूल लागली की मी रेडिओ बंद करी आणि तोंड पाडून बसे. त्या माझ्या लग्नासाठी सोमवार धरीत. मी धरू दिले. तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून त्यांनाच साक्षीदार नेमले आहे, म्हणजे वाचून दाखवताना आपोआप कळेल.

इथवरचा मजकूर अर्जनवीस आनंदराव यांनी माझ्या खोलीत साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून दाखवला. पुढचे त्यानंतरचे आहे. "हे मृत्युपत्रात बसत नाही," असे आनंदराव म्हणाले. मी म्हटले, बसवा.

 वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी उपाशीपोटी धानाचा रोवणा केला मी तुमच्यासाठी. आन् तुमी येथं मजेत व्हते!"

मी मान खाली घातली.

"आता माह्यं आयका. मी भाजी देवाले कायले येत व्हती? येथं मले कोणी हाक मारत नवता. घडीभर खाटेवर बसाले भेटे. तुमची दया येते म्हणून घरचे सोडत मले. तुमी सुखी आहा असं समजलं असतं, त कोण येऊ देते?" पदर डोळ्यांना लावून त्या पुढे म्हणाल्या, "रुई घेऊन कोण येते ते मी पाहीन. तुमी चिंता नका करू."

खरे आहे. त्या यायच्या आणि काही न बोलता खाटेवर बसून राहायच्या. मला वाटे, माझ्या दुःखाने बसल्या आहेत. एकदाही विचारले नाही, वहिनी, तुमचे कसे काय? आजवर मला स्वतःच्या सुखाची लाज वाटत होती. ती लाज फुकटची होती. ही खरी आहे, आणि ती घेऊन मला मरायचे आहे.

४. म्हणून दुकानामागची माझ्या मालकीची खोली, खाट व रेडिओसह, कुंताबाई यांना एकट्यांना द्यावी. केवळरामदादांनी तिथे धानाची पोती ठेवू नयेत. त्या तिथे असताना कोणी बोलावायला जाऊ नये. दाराला आतून कडी आहे. ती घट्ट बसते, जरा वर उचलून लावावी.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, सही केली.

ठिकाण : साकोली
दिनांक : १४ मार्च १९८४

(सही) परसराम गोविंदा कापगते

साक्षीदार :
१. (सही) भय्याजी, किराणा दुकानदार, साकोली
२. ~~कुंताबाई केवळराम कापगते, एकोडी~~ नाव खोडले. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे आनंदराव म्हणतात. बाईंनी अंगठा आधीच उमटवला होता, तो तसाच राहू दिला आहे.
३. (सही) बाबूलाल, चहावाला, साकोली