नावात एक अक्षर जास्त

८ सप्टेंबर, सोमवार

गेटवर आरडाओरडा झाला म्हणून खाली गेले. चिखलीचे धोंडीबा म्हणून एक टेम्पोवाले — पाय प्लास्टरमध्ये, मुलीच्या खांद्यावर हात. पिशवीतून तुटलेला ब्रेक शू काढून त्यांनी पुढे धरला. "तुमच्याच साइटवरनं मागवला हाय. उतारावर बेरेक लागलाच न्हाई."

खोक्यावर आमचंच नाव, 'सुस्थिर ब्रेक्स'. माल मात्र आमचा नाही. त्यांच्या फोनवर साइट बघितली. रंग, लोगो, सगळं हुबेहूब आमचं. फक्त वरच्या पत्त्यात, 'सुस्थिर'च्या स्पेलिंगमध्ये एक 'आय' जास्त.

मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढं कोण बघतं?"

साइटचा पत्ता लिहून घेतला.

९ सप्टेंबर

त्या खोट्या साइटवर आमच्या नव्या कॅटलॉगचे फोटो आहेत. कॅटलॉग अजून छापलासुद्धा नाही! तो फक्त तिघांकडे — उद्धवराव साहेब, मी, आणि आमची वेबसाइट सांभाळणारा बुद्धरत्न.

म्हणजे बुद्धरत्न.

११ सप्टेंबर

मी जवळ गेले की हा स्क्रीन बदलतो. फोन आला की जिन्यात जातो. कॅन्टीनमध्ये आपणहून म्हणाला, "मिनल, साइटच्या नावाशी मिळतीजुळती नावं कंपनीने आधीच घेऊन ठेवायला हवी होती." बरं सुचतं याला.

घरी दादाला सांगितलं. चिखलीतलं स्पेअर पार्टचं दुकान बंद पडल्यापासून समर्थदादा दिघीला आमच्याकडेच असतो. म्हणाला, "असली माणसं गोडच बोलतात. साहेबांच्या कानावर घाल."

१२ सप्टेंबर

घातलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

बुद्धरत्नचा लॅपटॉप काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. जाताना माझ्या टेबलाशी थांबला.

"आधी मला विचारलं असतंस तर?"

एवढंच. मी टायपिंग चालूच ठेवलं.

रिसेप्शनवरची श्रद्धा म्हणते, जिन्यातले फोन त्याच्या आईच्या डायलिसिसचे असायचे. असतील. आई आजारी असली म्हणून माणूस लबाड नसतो असं थोडंच आहे?

२२ सप्टेंबर

पुण्याहून वकील रुपालीताई आल्या. पोलिसांकडे एक तक्रार, आणि ते डोमेन, म्हणजे साइटचं नाव, काढून घ्यायला लवादाकडे दुसरी. ज्याने नाव नोंदवलं त्याने स्वतःची माहिती लपवली आहे. "आपली तक्रार दाखल झाली की नोंदणी करणाऱ्या कंपनीला खरं नाव कळवावं लागतं. मग ते आपण तक्रारीत घालायचं."

मी म्हटलं, नाव मला माहीत आहे.

चष्म्यावरून बघितलं त्यांनी. "माहीत आहे, की वाटतंय?"

राग आला.

२९ सप्टेंबर

साहेबांनी धोंडीबांकडे पाठवलं होतं. अजून एक ऑपरेशन आहे म्हणे. पुन्हा टेम्पो चालवता येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारलं, नेमकं काय झालं होतं? म्हणाले, "म्होरं शाळेची पोरं व्हती. मग घातला टेम्पो भिताडावर. दुसरं काय करनार?"

रात्री जेवताना मी हे सांगत होते तर दादा ताटावरून उठला. पोटात दुखतंय म्हणाला. फार हळवा आहे.

बुद्धरत्नला कशी झोप लागत असेल?

६ ऑक्टोबर

नाव आलं. रुपालीताईंनी कागद माझ्याकडे सरकवला.

समर्थ. आमचं आडनाव. पत्ता दिघीचा — माझ्याच घराचा.

कॅटलॉग मी घरी त्याच्या कॉम्प्युटरवर तपासला होता. माझा बंद पडला होता म्हणून.

"तक्रार दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेऊ का?" ताईंनी विचारलं. नको म्हटलं. दादाचं नाव मीच घातलं.

आता बुद्धरत्नच्या घरी निघाले आहे. आधी तिथे. मग आमच्याकडे.